तुझ्या पाण्याला कुणी घाबरलं नव्हतं

ताई, तुझ्या पाण्याला कुणीच घाबरलं नव्हतं. गल्लीतलं नाही, भाऊबंदांतलं नाही, सुशीला वहिनी तर नाहीच. एवढं एक वाक्य मला तुला सांगायचं होतं. तू वरच्या खोलीत असताना सांगायचं होतं. ते राहिलं, आणि आता काल तुझं दहावं झाल्यावर लिहायला बसलोय.

आपण घरात अहिराणीच बोलायचो. हे मी पुस्तकी मराठीत लिहितोय म्हणून तू हसशील. "कॉलेजना मास्तर झाया का रे?" असं म्हणशील. हस. पण मला जे सांगायचंय ते आपल्या बोलीत माझ्या तोंडून निघत नाही. त्या बोलीत मी तुझ्याशी इतकी वर्षं गप्प राहिलोय.

तुझं गळ्याचं ऑपरेशन झालं, गाठ काढली, आणि मग मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की उरलंसुरलं जाळायला किरणोत्सारी आयोडीनची गोळी द्यावी लागेल. तू त्याआधी आठवडेच्या आठवडे साध्या मिठाशिवाय जेवलीस. आयोडीनवालं मीठ बंद, म्हणून सैंधव. "ह्या मिठाले चव नही आनि माले गळा नही, जोडी जमनी," म्हणालीस. गोळी दिली त्या दिवशी नर्सने ती चिमट्याने धरून आणली, स्वतः लांब उभी राहिली, आणि तू ती पाण्याबरोबर गिळलीस. मी काचेपलीकडे होतो. तू मला हात केलास, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या बहिणीच्या अंगातून आता काहीतरी बाहेर येतंय आणि मला मागे सरकायला हवं. मी खरंच एक पाऊल मागे सरकलो होतो. काच होती तरी. तू ते पाहिलंस की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

तिथे तुला जी एकट्याची खोली दिली होती, तिच्या संडास-मोरीचं पाणी थेट गटारात जात नाही, हे तूच सफाईवाल्या बाईकडून काढून घेतलंस. ते वेगळ्या टाक्यांत साठवतात, त्यातला जोर उतरेपर्यंत थांबवतात आणि मग सोडतात. तुला हे फार आवडलं. मोठ्या माणसाने रागात काही न बोलता थांबून राहावं तसं वाटलं तुला. आणि मग सुरतला, डिंडोलीच्या आपल्या घरी परत येताना गाडीत तू विचारलंस, "मन्हं पानी कोठे जास रे, भाऊ? डिंडोलीले ते टाकी नही."

मी बी.एस्सी. झालेला, पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये सांडपाण्याच्या प्लांटवर बसणारा माणूस. उत्तर माझ्याकडे तयार होतं. म्हटलं, डॉक्टरांनी घरी सोडलंय म्हणजे आता अंगात थोडंच उरलंय. जे उरलंय तेही आठवड्याभरात निम्मं होतं, पुढच्या आठवड्यात त्याचंही निम्मं. भरपूर पाणी पी, संडासात दोनदा पाणी सोड, कपडे वेगळे धू, लहान मुलं आणि गर्भार बाई यांच्यापासून काही दिवस लांब राहा. बस.

"हाई ते डॉक्टरनी बी सांगं. कोठे जास ते सांग."

मग सांगितलं. गटारात, गटारातून प्लांटला, प्लांटमधून खाडीला, खाडीतून नदीला, नदीतून समुद्राला.

"आनि मझार जे ऱ्हास त्यास्ले?" म्हणजे मध्ये जे राहतात त्यांना.

तेव्हा मी हुशारी केली. म्हटलं, असलं काही पाण्यात आलं की आधी शेवाळ ओढून घेतं, शेवाळ गोगलगाय खाते, गोगलगायीला मासा. आयोडीन तर गळ्यातच जाऊन बसतं, आणि माशालाही आपल्यासारखी गळ्यापाशी ग्रंथी असते, फक्त विखुरलेली. बेडकाचं पिल्लू त्या ग्रंथीशिवाय बेडूक होत नाही, शेपटीवालंच राहतं. मला वाटलं तू कंटाळशील. तू खिडकीबाहेर बघत होतीस, आणि म्हणालीस, "मंग त्या मासोयीनं ऑपरेशन कोन करी?"

मी हसलो. तू हसली नव्हतीस.

तुला गच्चीवरच्या खोलीत ठेवलं. स्वतंत्र मोरी, स्वतंत्र नळ, खिडकी गल्लीवर. श्रावण लागला होता आणि कानबाईची, आपल्या खानदेशी देवीची, तयारी चालू होती. आपल्या भाऊबंदांची कानबाई सुशीला वहिनीच्या घरी बसते, चार घरं सोडून. चुलतभावाची बायको, पण तुझी ती त्याआधीची मैत्रीण. दोघी मिळून ओट्यावर बसून साड्यांना टिकल्या लावायच्या, पोटली भरून माल यायचा आणि तुम्ही गप्पा मारत ढीग संपवायचात. देवीच्या प्रसादाच्या रोटाचे गहू निवडायला दरवर्षी तू आणि ती. कणीक तूच मळायचीस, कारण तुझ्या हाताला ती बरोबर येते असं तिचं म्हणणं. ज्या घरात कानबाई बसते तिथला रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, उरवायचा नाही, बाहेर द्यायचा नाही. तू सासरच्या कुळातली, विधवा झाल्यावर पुढे माझ्या घरी राहायला आलेली, तशी तू भाऊबंदांत धरली जायला नको होतीस. पण वहिनीने पहिल्याच वर्षी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "ताई आपली शे. ज्याले पोटात दुखस त्यानी ओवा खावा."

त्या वर्षी वहिनीची सून योगिता गर्भार होती.

आता ते सांगतो. दुपारी मी फाटकापाशी गाडी पुसत होतो. वहिनी आली, हातात सूप. "ताईले सांग, गहू निवडाले ये. गळा दुखस ते नुसती बठ म्हना, मी निवडसू."

ताई, मला सांगायचं होतं एवढंच: तिला औषध दिलंय, त्यातून किरणं निघतात, योगिताला पोटात बाळ आहे म्हणून काही दिवस लांब ठेवा, मग काही नाही. चार वाक्यं. पण त्याच आठवड्यात गल्लीतल्या बोअरला तांबूस पाणी आलं होतं, आणि कोपऱ्यावरची पोरं मी निघालो की म्हणायची, "काय साहेब, आज कोणता कलर सोडला? निळा सोडा, नवरात्र येतंय." सगळ्यांच्या मनात मी म्हणजे पाणी खराब करणाऱ्यांचा माणूस. त्यात मी म्हणणार की माझ्या घरात अणूवालं औषध प्यायलेली बाई आहे आणि तिच्या मोरीचं पाणी तुमच्याच गटारात जातंय? त्यांनी उद्या नगरसेवकाला आणलं असतं, परवा मिलच्या दारात मोर्चा. असं मला वाटलं. असं कुणी केलं असतंच, हे मी कसं ठरवलं, ते अजून कळत नाही.

मी म्हणालो, "वहिनी, ताईले बाहेरनं लागेल शे. भगतनी सांगं, देवीना कामले तिना हात लागू द्यावाना नही. नि गर्भारनीवर तिनी सावली नको."

लिहिलं एकदाचं. बाहेरचं लागलंय. मी म्हणालो. तुझ्यामुळे शिकलेला मी. भाऊजी गेल्यावरही मला गावी न पाठवता ज्या बहिणीने आपल्या एका खोलीत ठेवून कॉलेज पूर्ण करायला लावलं, तिच्याबद्दल. कसला भगत? मी आयुष्यात कुठल्या भगताच्या उंबऱ्याला गेलो नाही. मला फक्त असं कारण हवं होतं ज्याच्यावर वहिनी पुढचा प्रश्न विचारणार नाही. तिने विचारला नाही. सूप छातीशी धरून थोडा वेळ वर खिडकीकडे पाहिलं आणि गेली.

माझा हिशोब होता की आठ-पंधरा दिवसांत तू मोकळी होशील आणि मी म्हणेन, भगताने उतरवलं. ते मी आज-उद्यावर ढकलत राहिलो. मग माघात योगिताला मुलगा झाला, गुटगुटीत, आणि वहिनी पेढे घेऊन आली ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "बरं व्हयनं तू येळवर सांगं. ऐकं म्हनीसन पोऱ्या धड शे." माझं खोटं खरं झालं होतं, ताई. त्यानंतर ते मागे घ्यायला माझी जीभ उचलेना. बाळाला जपायचं, मग बारसं, मग जावळ, दर वेळी तिचं एकच: कशाले इखनी परीक्षा? विषाची परीक्षा कशाला.

आणि इकडे तू. तुला वाटलं वहिनी आणि गल्लीतल्या बाया तुझ्या पाण्याला घाबरल्या. मी तुला तसं वाटू दिलं. "तू त्यास्ले सांगं ना, आते काही नही म्हनीसन?" तू विचारायचीस. "सांगं," मी म्हणायचो. "मंग?" "बायास्ले कोन समजाडी?" त्या अडाणी, आपण शहाणे, असा तो सूर. तो सूर मी लावला याची लाज मला खोटं बोलण्यापेक्षा जास्त वाटते.

तू मग ते स्वतःच सिद्ध करायला निघालीस. टाकीत मनपाची माणसं डासांसाठी गप्पी मासे सोडून गेली होती. चहाच्या गाळणीने तू त्यातले पकडलेस, टबात सोडलेस आणि आंघोळीचं पाणी त्यावर ओतलंस. मी प्लांटवर होतो, ब्लोअर चालू, फोनवर काही ऐकू येईना, तुझं नुसतं रडणं. "मरी ग्यात, भाऊ. बठ्ठा मरी ग्यात. मन्हा अंगमा जहर शे."

"साबण लावला होता का?"

"मंग? आंघोय करी ना मी."

"कोणता?"

"आपला लाल."

"अगं, साबणाने मेले ते!" मी इतक्या जोरात ओरडलो की माझा हेल्पर पळत आला. मग जी हसायला लागलीस, ती खोकला येईपर्यंत. त्यानंतर किती दिवस तू माशांसाठी बिनसाबणाची आंघोळ केलीस! तुझी भावजय सुरेखा म्हणायची, "ताई, माशांपेक्षा आम्हालाच आता लांब राहावं लागेल."

दुसऱ्या वेळचे मासे जगले. तू ते काचेच्या बरणीत घातलेस आणि कठड्यावरून खाली धरून हाक मारलीस, "सुशीला! दख! जित्ता शेतस बठ्ठा!" वहिनी नातवाला घेऊन दारात उभी होती. तिने पदर त्याच्या डोक्यावरून ओढला आणि आत वळली. तू बरणी तशीच धरून उभी. तुला वाटलं, एवढं दाखवूनही पटत नाही. तिला काय वाटलं असेल, हे मला खाली फाटकापाशी उभा असताना पक्कं माहीत होतं: बाहेरचं असलेली बाई वरून पाण्यात काहीतरी जिवंत धरून आपलं नाव घेऊन हाक मारतेय. तुमच्या दोघींमध्ये चार घरांचं अंतर होतं आणि मी अगदी मधोमध होतो. मी गाडी सुरू केली आणि कामावर गेलो.

संध्याकाळी मात्र तुझ्याशी वाद घातला. मासा एका दिवसात मेला नाही म्हणून पाणी निर्दोष ठरत नाही, म्हटलं. असल्या गोष्टीचा परिणाम असाच दिसत नाही. तो दिसला तर अंड्यांत, पिल्लांत, पिल्लांच्या पिल्लांत दिसतो. तू म्हणालीस, ठीक, मग पिल्लांची पिल्लं बघू. आणि खरंच बघत बसलीस, वर्षांमागून वर्षं. तुझ्या अंगातलं आयोडीन केव्हाच संपलं होतं, हे तुलाही माहीत होतं, पण टब तू काढला नाहीस. रोज सकाळी चष्मा लावून एकेकाचा कणा बघायचीस. एकदा एक पिल्लू वाकडं निघालं तर दोन दिवस जेवली नाहीस. मी समजावलं की हे तुझ्यामुळे नाही, एकाच टबातल्या एकाच कुळात लग्नं लावत गेलीस, असंच होणार. "म्हणजे भाऊबंदीमा सोयरीक," तू म्हणालीस आणि जरा खुललीस. पण त्या वाकड्याला वेगळ्या वाटीत ठेवून तू चिमूट-चिमूट कणीक भरवत राहिलीस. त्याला बाकीचे टोचायचे म्हणून.

आपला एक वाद अर्धा राहिलाय. मी म्हणायचो, प्रमाण महत्त्वाचं. नदी मोठी आहे, समुद्र त्याहून मोठा, थोडं गेलं तर विरतं. तू म्हणायचीस, "थोडं शे, थोडं शे, तू रोज हाईच सांगस. तुन्हं थोडं, मन्हं थोडं, मिलनं थोडं. मासोयीले ते एकच नदी शे ना?" मी चिडायचो. आयोडीन आठवड्यांत मावळतं, पण किरणोत्सारी पदार्थांतलेच काही असे असतात की ते पाण्यात गेले तर माशाच्या मांसात, हाडात शिरतात आणि तीस वर्षांनीही निम्मे उरलेले असतात, हे मला ठाऊक होतं. तरी तुझ्यासमोर कबूल केलं नाही. कारण तुला एक इंच दिला असता तर तू पलसाण्यापर्यंत आली असतीस. अजूनही मला तुझं सगळं पटत नाही. औषधं द्यावीच लागतात, माणसं वाचवावी लागतात, पाणी कुठेतरी सोडावंच लागतं. पण कुठे सोडतोय ते ज्यांच्या दारातून जातं त्यांना सांगून सोडावं, एवढं तरी मी आता मान्य करतो. तू ऐकायला हवी होतीस. जिंकल्यावर तू काय तोंड केलं असतंस ते मला बघायचं होतं.

मग दुखणं फुप्फुसात उतरलं. शेवटच्या महिन्यात तू बोलताना मध्ये थांबायचीस. खाली कुणाच्या तरी घरी दळण आलं, जात्याच्या नव्हे, चक्कीच्या पिठाचाच वास, पण रोटाच्या आठवणीने तू मान वळवलीस. "त्यास्ले अजून भ्याव वाटस का रे, मन्हा पानीनं?"

"नही ताई. आते नही."

"मंग येत कसाले नहीत?"

मी तुझी उशी सारखी केली. ती सारखीच होती.

तू गेलीस त्या सकाळी भाऊबंद आले, पुरुष बाहेर बांबू बांधायला बसले. तुला आंघोळ घालायला बायका हव्या होत्या. सगळ्या उंबऱ्याबाहेर थांबल्या. वहिनी दोनदा पुढे आली आणि दोनदा मागे सरली, तोंडात पदराचा बोळा, डोळे गळत होते. शेवटी सुरेखाने एकटीनेच बादली उचलली. तेव्हा वहिनी तिला म्हणाली, "जपी ऱ्हाय माय, तिले बाहेरनं व्हतं." सुरेखाने वळून माझ्याकडे पाहिलं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. दहा दिवस ती माझ्याशी बोलली ते फक्त चहा, जेवण, कोण आलं, एवढंच.

काल तापीवरून परतल्यावर घरात सगळे बसले होते. मी उभा राहिलो. मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे, साखरपुड्यालाही माझ्या वतीने तूच बोलली होतीस. मी म्हणालो, भगत कुणी नव्हता. ताईला काही बाहेरचं नव्हतं. कर्करोग होता, त्याच्या औषधात किरणं होती, ती काही दिवसांत संपली. मी खोटं सांगितलं.

गलका होईल असं मला वाटलं होतं. झाला नाही. कोपऱ्यातून एका पुतण्याने विचारलं, "काका, मग ते पाणी आपल्याच गटारात गेलं?" म्हटलं, हो, थोडं गेलं आणि विरलं. धोका नव्हता. पण तेव्हाच सांगायला हवं होतं. "हं," तो म्हणाला. इतकंच. ज्या मोर्चाला मी भ्यालो तो हा.

मग योगिता बोलली. हळू आवाजात, कुणावर न चिडता. "मला सांगितलं असतं तर मी लांब राहिले असते ना, काका. थोडे दिवसच होते. मग गेले असते की वर, बाळाला घेऊन."

वहिनी भिंतीला टेकून बसली होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दुसरा कोनी सांगता ते मी हासती. तू शिकेल शे म्हनीसन मी इस्वास ठेवा." मग उठली, वर तुझ्या खोलीत गेली. खूप वेळ खाली आली नाही. सुरेखा बोलवायला निघाली तर योगिताने तिचा हात धरला.

खाली आल्यावर तिने चपला घातल्या. दारात थांबली. तिचे डोळे कोरडे होते. "श्रावण उना," ती म्हणाली. "सुरेखाले धाडजो. तुन्ही पोरीले धाडजो. औंदा तू रोट खावाले येऊ नको, भाऊ."

मी हो म्हणालो.

ताई, तू असतीस तर तिच्या अंगावर धावून गेली असतीस. "एकच भाऊ शे मन्हा, तो नही ते मी बी नही," म्हणाली असतीस, माझा दंड धरून सगळ्यांमधून आत घेऊन गेली असतीस आणि ताटावर बसवलं असतंस, माझा गुन्हा काय हे विचारण्याच्या आधी. तुझ्यासाठी मी एवढंच करायचं होतं.